मोहाचं फूल, जिनचा पेला

मागच्या उन्हाळ्यात यवतमाळच्या घरी मी जिनचं एक कॉकटेल करून पाहिलं. फुलापानांच्या कॉकटेलच्या कृतींत लॅव्हेंडर असतं, एल्डरफ्लॉवर असतं. आमच्याकडे यातलं काही उगवत नाही. आमच्याकडे मोह आहे. वाटीभर सुकी मोहफुलं घेतली, आतले केसर काढले, तीनदा धुतली आणि दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर शिजवली. गाळलेल्या पाण्यात थोडी साखर घालून पाक केला. पेल्यात बर्फ, 45 मिली जिन, 20 मिली पाक, अर्ध्या लिंबाचा रस, चुरडलेली तुळशीची चार पानं आणि वरून सोडा.

आई स्वयंपाकघरात आली. वास घेऊन म्हणाली, "हे त मोहच व्हय!" आणि पुढे काही न बोलता बाहेर गेली.

आईचं माहेर केळापूर तालुक्यातलं. मार्च-एप्रिलात मोह पहाटे गळतो, म्हणून आजी लेकींना अंधारात उठवून झाडाखाली न्यायची. टोपल्या भरून आणलेली फुलं अंगणात वाळायची. त्यांतली काही विकली जायची, काही पिठात मिसळून भाकरीत जायची. टंचाईच्या दिवसांत तेच धान्य. आणि त्याच फुलांची पहिल्या धारेची पिऊन पिऊन आजोबा चाळिशीतच गेले. आईच्या नाकाला एकाच वासात दोन्ही आठवणी आहेत.

आता माझ्या पेल्यातल्या दुसऱ्या दारूकडे बघू. जिनची चव येते जुनिपरच्या फळांमुळे; आपल्या आयुर्वेदात तिला हपुषा म्हणतात. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये जिन ही गरिबांची स्वस्त दारू होती. 1736 च्या कायद्यानं विक्रेत्यांना वर्षाला 50 पौंडांचा परवाना लावला. परवाने फार थोड्यांनी घेतले, चोरटी विक्री बोकाळली आणि 1743 मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. 1751 मध्ये नवा कायदा आला. त्याच वर्षी होगार्थनं आपलं प्रसिद्ध चित्र छापलं: दारूच्या नशेतली आई आणि तिच्या हातून निसटून पडणारं मूल. आज त्याच जिनच्या बाटलीवर वनस्पतींची नाजूक चित्रं असतात.

मोहाच्या वाट्याला मात्र वेगळं आलं. मुंबई इलाख्यात 1878 च्या अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू गाळणं मोठ्या, सरकारमान्य भट्ट्यांकडे नेण्यात आलं. उरणच्या भट्ट्यांत दारू मोहाचीच व्हायची. तरीही 1892 मध्ये खास मोहफुलांसाठी कायदा झाला आणि ठाणे, कुलाबा भागांत फुलं जवळ बाळगण्यावरच बंधनं आली. चोरटी दारू थांबवायची, हे कारण. पण फूल खाणाऱ्यालाही त्यानं गुन्हेगार केलं, आणि महसूल मात्र त्याच फुलातून येत राहिला.

आमचा मुलूख तेव्हा त्या इलाख्यात नव्हता. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं आणि आजचा यवतमाळ जिल्हा 1905 पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. पण जंगलावर हक्क कुणाचा, हा प्रश्न इथंही होताच. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. मोहाचं फूल हा त्याच प्रश्नाचा दुसरा तुकडा.

स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याच्याच पोटात मोहफुलांवरची बंधनंही टिकून राहिली. घरी मोह गाळणं आजही गुन्हा आहे. 'इतका लिटर सडवा नष्ट' ही बातमी आमच्याकडच्या पेपरात नेहमीची. फुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यांवरचे निर्बंध राज्य सरकारनं 2021 मध्ये काढले. दरम्यान गोव्यात मोहाची दारू देखण्या बाटलीत भरून विकायला लागलीही होती.

हे सगळं वाचल्यावर 'मोह मोकळा करा' असं म्हणणं सोपं वाटतं. पण शेजारच्या चंद्रपुरात 2015 मध्ये दारूबंदी झाली, 2021 मध्ये उठली. आणि यवतमाळमध्येही जिल्हा दारूमुक्त करा म्हणून बायाच रस्त्यावर आल्या. त्या बायांत माझी आजी शोभली असती. तिला मोहाचं झाडही हवं होतं आणि घरात दारूही नको होती.

म्हणून मला 1996 चा पेसा कायदा महत्त्वाचा वाटतो. अनुसूचित क्षेत्रात गौण वनोपजाची मालकी आणि दारूचं नियमन, हे दोन्ही अधिकार ग्रामसभेला द्यावेत, असं तो एकाच कलमात सांगतो. केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांतली कितीतरी गावं त्यात येतात. फुलं वेचणाऱ्या आणि दारूचे चटके सोसणाऱ्या बाया त्या सभेत एकाच सतरंजीवर बसतात. निर्णय तिथं व्हावा. दारूच्या दुकानदाराकडे नाही, आणि माझ्यासारख्या हौशी माणसाकडे तर नाहीच.

संध्याकाळी मी दुसरा पेला केला. पाक, लिंबू, तुळस, सोडा, जिन नाही. आईनं तो सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. "मायच्या हातच्या लाडवाचा वास येते," म्हणाली. माझा पहिला पेला ओट्यावर तसाच राहिला होता, बर्फ वितळून पांचट झालेला.