माळ्यावरचा सर्किट डायग्राम

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यातही चित्र दिसू लागले. तेव्हाच्या कृष्णधवल संचावर ६२५ रेषांचे पूर्ण चित्र सेकंदाला २५ वेळा उमटे. कार्यक्रमांच्या आठवणी पुष्कळांनी लिहिल्या. संच कसा चाले हे सांगणारा सर्किट डायग्राम मात्र रद्दीत गेला. कुठे किती व्होल्ट हवेत, हे त्यावर छापलेले असे. कडेला दुरुस्ती करणाऱ्याची पेन्सिलीतली टिपणे. तो कागद नसेल, तर जुना संच म्हणजे नुसते खोके. आपल्या शाळेतले काहीजण याच धंद्यात शिरले. मित्रहो, माळ्यावरचे ते कागद फेकू नका. घड्या उलगडा, स्कॅन करा आणि संचाचे मॉडेल त्यावर लिहून ठेवा.