संगणकाची वाटणी आणि ‘तात्पुरती’ दुरुस्ती : एएस/४०० मालिकेचा देखभालीच्या अंगाने अभ्यास

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा नव्या शोधांभोवती फिरते. वापरात असलेल्या यंत्राची देखभाल कोणी, केव्हा व किती सायासाने केली, याची नोंद त्यात क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात आयबीएम कंपनीच्या एएस/४०० या मध्यम श्रेणीच्या संगणकमालिकेतील विभाजनाचा विचार देखभालीच्या दृष्टीने केला आहे. एका यंत्रात अनेक स्वतंत्र संगणक नांदू लागल्याने यंत्रांची संख्या घटली. दुरुस्त्यांचे काम मात्र घटले नाही. उलट सर्वांचा पाया एकच झाल्याने ते अधिक गुंतागुंतीचे झाले, असे या इतिहासावरून दिसून येते.

दुरुस्तीची पद्धत :

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर येथे विकसित झालेली ही मालिका २१ जून १९८८ रोजी जाहीर झाली. सिस्टिम/३६ व सिस्टिम/३८ या आधीच्या दोन मालिकांचा वारसा तिच्यात एकत्र आला. मेनफ्रेम परवडत नाही, परंतु ज्यांचे हिशेब, मालसाठा व पगारपत्रके वैयक्तिक संगणकावर मावत नाहीत, अशा मध्यम आकाराच्या संस्था हा तिचा प्रमुख ग्राहकवर्ग होता.

ओएस/४०० या तिच्या कार्यप्रणालीतील दोष दूर करण्यासाठी कंपनी जो सुधारित भाग पुरवी, त्यास ‘प्रोग्रॅम टेम्पररी फिक्स’, संक्षेपाने पीटीएफ, असे म्हणत. दोषाचे कायमचे निराकरण पुढील आवृत्तीत व्हावयाचे, तोवर ही तात्पुरती सोय, असा या नावातील अर्थ होय. पीटीएफ प्रथम यंत्रात भरावयाची आणि मग लागू करावयाची, अशा दोन पायऱ्या होत्या. ती तात्पुरती लागू केली असता मूळ भाग जपून ठेवला जाई व गरज पडल्यास दुरुस्ती काढून टाकता येई. कायमची लागू केल्यावर हा परतीचा मार्ग बंद होई. काही दुरुस्त्या चालू यंत्रावर लागू होत, तर काहींसाठी यंत्र पुन्हा सुरू करणे अपरिहार्य असे. कार्यप्रणालीच्याही खाली असलेल्या आंतरिक संहितेच्या दोन प्रती यंत्रात असत. ‘ए’ बाजूस केवळ कायम झालेल्या दुरुस्त्या आणि ‘बी’ बाजूस त्यांच्यासह तात्पुरत्याही, अशी ही रचना होती. बदल करावा, पण माघारीची वाट मोकळी ठेवावी, हे या पद्धतीचे मर्म होय.

विभाजनाचा प्रवेश :

एक यंत्र अनेकांत वाटण्याची कल्पना नवी नव्हती. आयबीएमने १९८८ मध्येच ३०९० या मेनफ्रेमवर पीआर/एसएम ही सोय दिली होती. एएस/४०० वर तार्किक विभाजन आले ते १९९९ मध्ये, व्ही४आर४ या आवृत्तीसोबत. प्रत्येक विभागास स्वतःचे प्रोसेसर, स्मृती, डिस्क व कार्यप्रणाली मिळाली. भाषा व घड्याळही निराळे ठेवता येई. आरंभी प्रत्येक विभागास किमान एक संपूर्ण प्रोसेसर द्यावा लागे. २००१ च्या व्ही५आर१ पासून प्रोसेसरचा दहावा हिस्साही देता येऊ लागला व विभागांची संख्या वाढण्यास वाव मिळाला.

कार्यप्रणाली प्रत्येकाची वेगळी, म्हणजे दुरुस्त्याही वेगळ्या. यंत्राचे चार विभाग असतील, तर संचित पीटीएफचा एकच संच चार वेळा भरणे व चार वेळा यंत्रविभाग पुन्हा सुरू करणे आले. त्यातही सीडी वाचण्याचे साधन बहुधा एकच. ते एका वेळी एकाच विभागाच्या ताब्यात असे. एकाकडून काढून दुसऱ्यास द्यावे, तेव्हा त्याचे काम सुरू होई. २००२ मधील व्ही५आर२ ने सीडीची प्रतिमा डिस्कवर ठेवण्याची सोय दिली आणि हा व्याप बराच हलका झाला. विभाजनाच्या स्तुतिपर माहितीपत्रकांत अशा गोष्टींस फारसे स्थान नसते, हे ओघानेच आले.

चाचणीसाठी एक विभाग व प्रत्यक्ष कामकाजासाठी दुसरा, हा विभाजनाचा एक प्रमुख हेतू होता. दुरुस्ती प्रथम चाचणी विभागावर लागू करून काही काळ वाट पाहणे हे शहाणपणाचेच. परंतु तेवढ्या काळात दोन्ही विभाग एकसारखे राहत नाहीत. या अवधीत चाचणी विभागात उत्तीर्ण झालेला नवा प्रोग्रॅम कामकाजाच्या विभागात तसाच वागेल, याची हमी उरत नाही. विभागांतील पीटीएफची एका आदर्श प्रणालीशी तुलना करून उणिवा भरून काढण्याची सोय मॅनेजमेंट सेंट्रल या साधनात होती, ती याच अडचणीपोटी.

सामायिक पाया :

खरा पेच मात्र पायाचा होता. १९९९ च्या रचनेत एक विभाग प्रमुख व इतर दुय्यम असत. वाटणी सांभाळणारी संहिता प्रमुख विभागाच्या आंतरिक संहितेतच वसत असे. दुय्यम विभाग स्वतंत्रपणे बंद-चालू करता येई. प्रमुख विभाग पुन्हा सुरू करावयाचा, तर सर्वच थांबवावे लागत. भावाभावांत वाड्याची वाटणी झाली तरी आड सामायिकच राहतो आणि आडातला गाळ काढायचा दिवस सर्वांना मिळून ठरवावा लागतो, तसाच हा प्रकार. कारखाना व लेखाविभाग एकाच यंत्रावर असतील, तर एकाच्या हितासाठी दुसऱ्याचे काम खोळंबे. म्हणूनच प्रमुख विभागावर शक्यतो कामाचा भार टाकू नये, असा सल्ला दिला जाई.

२००४ मध्ये पॉवर५ प्रोसेसरवरील आय५ यंत्रे आली व प्रमुख विभागाची संकल्पनाच लोपली. वाटणी सांभाळणारा हायपरवायझर यंत्राच्या फर्मवेअरमध्ये गेला. परंतु फर्मवेअरलाही दुरुस्त्या लागतातच. त्या एचएमसी या स्वतंत्र नियंत्रण-संगणकावरून कराव्यात की नेमून दिलेल्या एका सेवा-विभागातून पीटीएफच्या मार्गाने, हे आता ठरवावे लागे. फर्मवेअरच्याही तात्पुरती व कायम अशा दोन बाजू होत्या, म्हणजे ‘ए’ व ‘बी’ यांचीच रीत येथेही आली. काही दुरुस्त्या यंत्र चालू असताना लागू होत, काहींसाठी संपूर्ण यंत्र बंद करणे भाग पडे.

या पेचातून खरी सुटका मिळाली ती २०१२ मध्ये. आयबीएम आय ७.१ च्या विभागास त्या वर्षी, पॉवर७ यंत्रांवर, चालू स्थितीतच एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलविण्याची सोय प्राप्त झाली. फर्मवेअर बदलावयाचे असता विभाग शेजारच्या यंत्रावर नेता येऊ लागले. त्यासाठी अर्थातच दुसरे यंत्र हवे. यंत्रे कमी करण्यासाठी ज्यांनी विभाजन स्वीकारले, त्यांना ते पुन्हा विकत घ्यावे लागले. आणि विभागाच्या आत पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू न होणारी पीटीएफ असेल, तर विभाग कोणत्याही यंत्रावर असो, त्याचे कामकाज त्या रात्री थांबवावेच लागते.