रॅट ट्रॅप बाँड : कमी विटांची टिकाऊ भिंत

नवी दिल्ली : राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील बांधकामांसाठी लागणारी वीट प्रामुख्याने शेतजमिनीच्या वरच्या मातीपासून घडते आणि भट्टीत भाजली जाते. भट्ट्यांचे प्रदूषण रोखण्यासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये झिगझॅग किंवा उभ्या भट्टीचे तंत्र अथवा नळाद्वारे मिळणारा नैसर्गिक वायू वापरण्याचा नियम केला. भिंतीत लागणाऱ्या विटाच कमी करणे, हा त्याला पूरक असा दुसरा उपाय होय. ‘रॅट ट्रॅप बाँड’ ही त्यासाठीची सोपी बांधणी आहे.

नेहमीच्या नऊ इंची भिंतीत विटा सपाट ठेवून भरीव थर रचले जातात. या पद्धतीत विटा कडेवर उभ्या केल्या जातात. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक वीट समांतर बसवून त्यांना जोडणारी तिसरी वीट आडवी टाकली जाते. त्यामुळे मध्ये सुमारे तीन इंचांची पोकळी राहते. भिंतीची जाडी तीच राहूनही विटांची सुमारे २० ते २५ टक्के बचत होते, मसालाही कमी लागतो. पोकळीतील हवा उष्णतेचे वहन मंदावते. दिल्लीच्या उन्हाळ्यात हा लाभ महत्त्वाचा ठरतो.

भारतात या बांधणीचा प्रसार करण्याचे श्रेय १९४५ मध्ये येथे आलेले ब्रिटिश वंशाचे वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांना दिले जाते. केरळमध्ये स्वस्त घरबांधणीचा आदर्श घालून देणाऱ्या बेकर यांना १९९० मध्ये पद्मश्री प्रदान करण्यात आली.

भट्टीच्या विटेला पर्याय शोधण्याचा प्रयत्न दिल्लीतही झाला आहे. कुतुब संस्थात्मक परिसरातील ‘डेव्हलपमेंट ऑल्टरनेटिव्हज’ या संस्थेच्या मुख्यालयाच्या उभारणीत, तेथील जुन्या इमारतीची माती पुन्हा वापरून दाबून तयार केलेले ठोकळे उपयोगात आणले गेले. जोरबागेतील इंदिरा पर्यावरण भवनात राखमिश्रित हलके ठोकळे वापरले आहेत. या ठोकळ्यांसाठी कारखाना किंवा यंत्र लागते. रॅट ट्रॅप बाँडसाठी मात्र नेहमीची वीट आणि प्रशिक्षित गवंडी पुरेसा असतो.

काही पथ्ये मात्र अपरिहार्य आहेत. विटा एकसारख्या मापाच्या आणि चांगल्या भाजलेल्या हव्यात. जोत्यालगतचा, खिडकीखालचा आणि छताखालचा थर, तसेच दारे-खिडक्यांच्या बाजू भरीव ठेवाव्या लागतात. भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या भूकंप नकाशात दिल्ली चौथ्या, म्हणजे तीव्र धोक्याच्या क्षेत्रात आहे. त्यामुळे भार पेलणाऱ्या भिंतींत कोपरे आणि सांध्यांच्या पोकळीत उभ्या सळ्या घालून काँक्रीट भरणे आणि आडवे काँक्रीटचे पट्टे देणे आवश्यक असते. ही दक्षता घेतली नाही, तर विटांची बचत सुरक्षिततेच्या मुळावर येऊ शकते.