ई तिकीट ते लाइटनिंग लेन
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१७ जुलै १९५५ हा दिवस. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम या गावी, संत्र्यांच्या बागा तोडून मोकळ्या केलेल्या जागेवर, वॉल्ट डिस्ने यांचे ‘डिस्नेलँड’ उघडत होते. त्या दिवशी प्रवेश फक्त निमंत्रितांना होता. पण कुणीतरी निमंत्रणपत्रिकेची हुबेहूब नक्कल छापली आणि अपेक्षेच्या दुपटीने माणसे आत शिरली. ऊन असे, की नुकत्याच ओतलेल्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतत होत्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे नव्हते. हा सारा गोंधळ दूरचित्रवाणीवरून देशभर थेट दाखवला जात होता आणि निवेदन करणाऱ्या तिघांपैकी एक होते रोनाल्ड रीगन, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

त्या दिवसाची एक गोष्ट आजही सांगितली जाते. एका बहाद्दराने मागच्या बाजूला कुंपणाला शिडी लावली आणि माणशी पाच डॉलर घेऊन लोकांना आत उतरवले. म्हणजे रांग टाळून आत जाण्याचा धंदा उद्यानाच्या पहिल्या दिवशीच सुरू झाला होता. पैसे फक्त मालकाच्या खिशात जात नव्हते, एवढेच. ते तिथे जायला पुढे सहासष्ट वर्षे लागली.

सुरुवातीला फाटकावर मोठ्यांना एक डॉलर आणि आत प्रत्येक खेळाचे वेगळे पैसे, अशी रीत होती. आपल्या जत्रेतल्या पाळण्यासारखीच. पण दर वेळी खिशात हात घालायचा म्हणजे माणूस हात आखडता घेतो. म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरात कुपनांची पुस्तिका निघाली. कुपने ए, बी आणि सी अशा तीन प्रतींची. १९५६ मध्ये त्यात डी आले आणि १९५९ मध्ये, मॅटरहॉर्न पर्वतावरची घसरगाडी, पाणबुडी आणि मोनोरेल सुरू झाल्यावर, ई आले. ‘ए’च्या कुपनावर घोड्यांच्या ट्राममध्ये बसायचे, ‘ई’वर घसरगाडीत. ‘ई तिकीट’ हा शब्द अमेरिकन बोलीत असा मुरला, की १९८३ मध्ये सॅली राइड ही अमेरिकेची पहिली महिला अंतराळवीर अवकाशात गेली तेव्हा तिने त्या उड्डाणाचे वर्णन करायला हाच शब्द वापरला.

या पुस्तिकेने एक काम गुपचूप केले. पुस्तिकेत ई कुपने मोजकीच असत. ती संपली की उरलेली ए आणि बी वाया जाऊ नयेत म्हणून लोक लहानसहान खेळांकडे वळत. गर्दी आपोआप पांगे. दंडुका नाही, दोरी नाही, नुसता कागद. तरीही कित्येक घरांतल्या खणांत ‘ए’ची कुपने शिल्लक राहिलीच. आपल्याकडे लग्नात आहेर म्हणून आलेले ब्लाउजपीस राहतात तशी.

१९८२ मध्ये पुस्तिका बंद झाली. एकदा फाटकावर पैसे भरा आणि दिवसभर हवे त्यात बसा. मुंबईच्या गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड उघडले तेव्हा आपल्याला ठाऊक झाली ती हीच पद्धत. सोपी, मोकळी. पण आता ‘ए’च्या खेळाकडे वळायचे कारणच उरले नाही. सगळे जण ‘ई’च्या दारात उभे राहिले. तिकीट खिडकीवरची रांग हटली आणि खेळांच्या दारातली वाढली.

रांगेचे गणित तोवर नवे राहिलेले नव्हते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा डॅनिश गणिती नोकरीला होता. इतक्या ग्राहकांसाठी किती तारा लागतील, म्हणजे कुणाला फार ताटकळावे लागणार नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न. १९०९ मध्ये त्याने त्यावर पहिला निबंध लिहिला आणि रांगांचे शास्त्र जन्माला आले. १९६१ मध्ये जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने त्यातला एक साधा नियम सिद्ध करून दाखवला. तो आपल्याला तोंडी करता येईल. एखादा खेळ तासाला दोन हजार माणसे सामावून घेतो आणि तुमच्या पुढे हजार माणसे आहेत, तर तुम्ही अर्धा तास थांबणार. बस्स. हे दोन हजार आणि हजार लक्षात ठेवा, थोड्या वेळाने लागतील.

यावर इंजिनिअराचा उपाय म्हणजे दोन हजारांचे तीन हजार करणे. डिस्नेंच्या माणसांनी तोही केला. १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात त्यांनी पाण्यातून एकामागून एक होड्या सोडल्या. १९६७ पासून न थांबणाऱ्या डब्यांची माळ आली. सरकत्या पट्ट्यावरून चालत जाऊन चालत्या डब्यात बसायचे. १९६९च्या भुताच्या वाड्यात हीच माळ आहे. पण घसरगाडीला अशी माळ करता येत नाही, आणि लोकांना हवी असते घसरगाडी.

मग राहिला दुसरा उपाय. रांग कमी करता येत नसेल, तर ती कमी वाटायला लावायची. सरळ रांग भीतीदायक दिसते, म्हणून ती नागमोडी वळवली. वळणावळणावर काहीतरी बघायला ठेवले. दारावर पाटी लावली, की इथून पंचेचाळीस मिनिटे. ही मिनिटे जरा हातचे राखून लिहितात, म्हणजे माणूस चाळिसाव्या मिनिटाला आत गेला की त्याला पाच मिनिटे कमावल्यासारखे वाटते! ती मोजण्याची युक्तीही गमतीची. रांगेच्या तोंडाशी एखाद्या पाहुण्याच्या हाती लाल कार्ड द्यायचे आणि त्याने ते खेळाच्या दारात परत करायचे. किती वेळ लागला ते कळते. डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकाने १९८५ मध्ये ताटकळण्याच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. रिकामा वेळ लांबतो, किती वेळ लागेल हे माहीत नसले की तो आणखी लांबतो, असे त्यात आहे. आणि एक वाक्य असेही, की अन्यायाची वाट न्यायाच्या वाटेपेक्षा लांब वाटते. रेशनच्या दुकानापुढे रॉकेलचा डबा घेऊन उभे राहिलेल्या आपल्या पिढीला हे सांगायला निबंध नको होता. दोन तास उभे राहण्याचे काही वाटत नसे. मागच्या दाराने कुणाचा डबा भरून गेला, की मात्र डोके फिरे.

१९९९ मध्ये डिस्नेने ‘फास्टपास’ काढला. खेळाच्या दारात एक यंत्र. त्यात आपले प्रवेशाचे तिकीट घालायचे, यंत्र एक चिठ्ठी देई, ‘दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान या.’ तोवर हिंडा, खा, खरेदी करा. दोनला आलात की वेगळ्या छोट्या दाराने जवळजवळ थेट आत. रांगेत तुमच्याऐवजी तुमची चिठ्ठी उभी. दवाखान्यात नंबर लावून बाजार करून यावे, तसे. आणि हे फुकट होते, प्रत्येकाला सारखे. मला विचाराल तर रांगेच्या इतिहासातली ही सगळ्यात सभ्य कल्पना.

पण आता ते दोन हजार आणि हजार आठवा. खेळ तासाला दोन हजारच माणसे घेतो, चिठ्ठीने त्यात एका माणसाची भर पडत नाही. त्यातल्या हजार जागा चिठ्ठीवाल्यांना दिल्या, तर साध्या रांगेतल्या हजार जणांसाठी तासाला हजारच जागा उरल्या. त्यांचा अर्धा तास एक तास झाला. शिवाय ज्याला युक्त्या ठाऊक होत्या तो सकाळीच चिठ्ठ्या काढून मोकळा होई आणि आयुष्यात एकदाच आलेले खेड्यातले कुटुंब पाट्या वाचत बसे. तरी तिथे फरक माहितीचा होता, खिशाचा नव्हता.

खिशाचा फरक इतरांनी आधी आणला. २००१ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या ‘सिक्स फ्लॅग्ज’ उद्यानात एका ब्रिटिश कंपनीचे हातात मावणारे यंत्र भाड्याने मिळू लागले. ते तुमच्या वतीने रांगेत ‘उभे’ राही. युनिव्हर्सलच्या उद्यानांत जादा पैशाचा ‘एक्सप्रेस’ पास आला. डिस्नेने २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात दिवसाला दहा डॉलरमध्ये मोबाइलवरून चिठ्ठी काढण्याची सोय केली, पण यंत्रावरची फुकट चिठ्ठी चालूच ठेवली. मग करोनाची साथ आली. मार्च २०२०मध्ये उद्याने बंद झाली आणि पुन्हा उघडली तेव्हा फास्टपासची यंत्रे सुरू झाली नाहीत. ऑक्टोबर २०२१मध्ये फ्लोरिडात नवी व्यवस्था आली, दिवसाला १५ डॉलरपासून. दार तेच. त्यावरची पाटी बदलली, ‘लाइटनिंग लेन’. २०२४च्या ऑक्टोबरात त्याच्याही वरचा पास निघाला. कॅलिफोर्नियात त्याची पहिली किंमत होती माणशी ४०० डॉलर, एका दिवसाचे, प्रवेशाचे तिकीट वेगळे. त्या वेळच्या दराने ३३ हजारांहून जास्त रुपये.

कंपनीची बाजू घेणारे म्हणतात, यात नवे काय? ए ते ई कुपनांची किंमतही वेगवेगळीच होती. खरे आहे, पण अर्धेच. ती किंमत खेळाची होती. ई कुपन विकत घेतल्यावर कारखानदार आणि त्याचा ड्रायव्हर एकाच रांगेत उभे राहत. आता किंमत आहे ती रांगेतल्या जागेची, आणि ती जागा कंपनी नव्याने तयार करत नाही. मागे उभ्या असलेल्या माणसाच्या वेळातून ती कापून दिली जाते.

या बाजाराचे एक टोक २०१३ मध्ये दिसले. अपंग पाहुण्यांना डिस्ने उद्यानांत एक कार्ड मिळे. ते असले की त्यांना आणि सोबतच्या माणसांना न ताटकळता दुसऱ्या दाराने जाता येई. न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने छापले, की मॅनहॅटनमधली धनाढ्य कुटुंबे फ्लोरिडात चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला ताशी १३० डॉलरने ‘वाटाड्या’ म्हणून सोबत घेतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते कार्ड रद्द झाले. नव्या पद्धतीत लगेच प्रवेश नाही, ठरल्या वेळी परत यायचे. स्वमग्न मुलांच्या आईवडिलांनी तक्रार केली, की आमच्या मुलाला ‘नंतर ये’ हे समजतच नाही. काही जण न्यायालयात गेले. त्यातल्या एका खटल्याचा निकाल २०२० मध्ये कंपनीच्या बाजूने लागला. लबाडी श्रीमंतांची, आणि नियम कडक झाला तो या मुलांसाठी.

‘लाइटनिंग लेन’ हे नाव मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला उद्यान आठवले नाही. माझ्या वयाच्या श्रोत्यांनाही ते आठवले नसेल. आपल्याकडे ट्रंक कॉल तीन तऱ्हेचे असत. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. एर्लांगचा प्रश्न आपल्या टेलिफोन खात्याने असा सोडवला होता. लाइटनिंगचे पैसे साध्याच्या कितीतरी पट.

मी तेव्हा कॉलेजात होतो, तालुक्याच्या गावी. वडिलांना मुंबईच्या एका इस्पितळात दाखल केले होते. सकाळी दहाला पोस्टात जाऊन मी साधा कॉल नोंदवला आणि बाकावर बसलो. शेजारी एक आजी होत्या. त्यांनी माझ्या आधी सुरतेचा कॉल लावला होता, मुलाला. गावातून बाहेर जाणारी तार जवळजवळ एकच. अकराच्या सुमारास कापसाचे एक व्यापारी आले, लाइटनिंग लावला, भाव विचारला आणि गेले. दुपारी पुन्हा आले. आम्ही दोघे बाकावरच. दोन वाजता मी उठलो, आमच्या सरांकडून उसने पैसे आणले आणि माझा कॉल लाइटनिंग करून घेतला. वीसेक मिनिटांत मुंबई लागली. वडिलांचे ऑपरेशन नीट झाले होते.

बाहेर आलो तर आजी तिथेच. “लागला का रे बाळा तुझा?” त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. त्यांच्या आधी कसा लागला, हे त्यांनी विचारले नाही. व्यापाऱ्यासारखा मीही पैसे भरून पुढे गेलो, हे मी सांगितले नाही. पोस्ट बंद व्हायच्या सुमारास मी पुन्हा त्या रस्त्याने गेलो. आजी खिडकीशी उभ्या राहून रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ओरडत होत्या, “आवाज येत नाही रे, मोठ्याने बोल.” तीन मिनिटे झाली आणि पलीकडून लाइन तुटली.