पंखयुक्त आणि पंखरहित शर्यती मोटारी

शर्यतीच्या मोटारींचे, त्यांवर वायुगतिक पंख (विंग) बसवलेले आहेत किंवा नाहीत यावरून, पंखयुक्त व पंखरहित असे दोन वर्ग पडतात. अमेरिकेतील स्प्रिंट मोटारींत हा भेद सर्वांत ठळक दिसतो. भारतात तो फॉर्म्युला गटाच्या एकआसनी मोटारींत आढळतो. नवशिक्या चालकाने कोणत्या वर्गापासून आरंभ करावा, हा या क्षेत्रातील जुना वादविषय आहे.

पंखाचे कार्य

विमानाचा पंख विमानास वर उचलतो. शर्यती मोटारीवर तोच आकार उलटा बसवलेला असल्याने वेगात असताना हवा मोटारीला खाली दाबते. या दाबास अधोबल (डाउनफोर्स) म्हणतात. मोटारीचे वजन न वाढता टायरांची पकड वाढते, हा त्याचा लाभ. अधोबल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ताशी 60 किमी वेगाला जे अधोबल मिळते, त्याच्या चौपट ताशी 120 किमीला मिळते. संथ वळणावर पंखाचा उपयोग नाममात्र असतो, वेगवान वळणावर मात्र तोच चालकाचा मुख्य आधार ठरतो. नवशिक्याची खरी अडचण येथे उद्भवते. भीती वाटताच वेगवर्धकावरील (अ‍ॅक्सिलरेटर) पाय उचलण्याची माणसाची सहजप्रवृत्ती असते. पंखयुक्त मोटारीत वेग उतरला की पकडही उतरते. पुढील मोटारीमागील विस्कळीत हवेत शिरल्यावरही असाच अनुभव येतो.

स्प्रिंट मोटारी

या मोटारी लहान, लंबवर्तुळाकार, बहुधा मातीच्या धावपट्टीवर धावतात. सर्वांत वरच्या गटातील इंजिन 410 घन इंचांचे (सुमारे 6.7 लिटर) असून त्याची शक्ती सुमारे 900 अश्वशक्ती असते. मोटारीला स्वतःचा स्टार्टर नसतो. दुसऱ्या वाहनाने ढकलून ती सुरू करावी लागते. ओहायो राज्यातील जिम कुशमन यांनी 1958 मध्ये अशा मोटारीवर प्रथम पंख लावला, असे मानले जाते. आज माथ्यावरील पंखाचे क्षेत्रफळ 25 चौरस फूट असते. 1978 मध्ये सुरू झालेली ‘वर्ल्ड ऑफ आउटलॉज’ ही मालिका पंखयुक्त मोटारींची, तर ‘युसॅक’ची राष्ट्रीय स्प्रिंट मालिका पंखरहित मोटारींची आहे.

पंखयुक्त मोटार अधिक स्थिर असते आणि चालकाच्या लहान चुका झाकते. ती उलटल्यास पंख आधी चुरडतो व आघाताचा काही भाग शोषतो. परंतु तिचा वळणावरील वेग अधिक असल्याने मोठ्या चुकीची किंमतही मोठी असते. पंखरहित मोटारीत मागील चाके सतत घसरतात. ती घसरण वेगवर्धकाने आवरणे हेच तेथील कौशल्य, आणि ते शिकल्याविना मोटार हाती राहत नाही. त्यामुळे अनेक जाणकार दोन्हींपूर्वी लहान इंजिनांच्या गटांत सराव करण्याचा सल्ला देतात. तो रास्त आहे.

भारतातील स्थिती

भारतात स्प्रिंट मोटारींची परंपरा रुजलेली नाही. येथील नवोदितांची पारंपरिक पायरी म्हणजे कार्टिंग व त्यानंतरची फॉर्म्युला एलजीबी 4 ही मोटार. तिला पंख नसतात आणि इंजिन मारुतीच्या प्रवासी मोटारीचे असते. पकड मुख्यतः टायरांचीच असल्याने ब्रेक केव्हा लावावा व वळणात वजन कोणत्या चाकावर जाते, हे चालकास अंगवळणी पाडून घ्यावे लागते. पंखांची ओळख पुढे, फॉर्म्युला बीएमडब्ल्यू बनावटीच्या मोटारींत होत असे. 2023 पासून भारतीय फॉर्म्युला फोर मालिका सुरू झाली. तिच्या मोटारी पंखयुक्त आहेत, त्यामुळे सधन घरातील मुले कार्टमधून थेट पंखयुक्त मोटारीत बसू शकतात.

पिंपरी-चिंचवड व चाकण

मोटारनिर्मितीच्या या पट्ट्यात फोक्सवॅगनचा चाकण येथील कारखाना 2009 मध्ये सुरू झाला आणि 2010 मध्ये त्या कंपनीने ‘पोलो कप’ ही शर्यतमालिका भारतात आणली. त्यात सर्व स्पर्धकांना एकसारख्याच मोटारी मिळत, त्यामुळे चालकाचे कौशल्य पारखले जाई. निगडी येथील पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयासह परिसरातील विद्यार्थी स्वतः मोटार बांधून ‘फॉर्म्युला भारत’सारख्या स्पर्धांत उतरतात. तेथील अरुंद, वळणावळणाच्या मार्गावर वेग बेताचा असतो, म्हणून पंखाचा खर्च व वजन सार्थकी लागेल काय, हा हिशेब प्रत्येक संघाला मांडावा लागतो. नवा संघ बहुधा पंखाविना आरंभ करतो. राष्ट्रीय फॉर्म्युला शर्यती मुख्यतः कोइमतूर व चेन्नई येथे होत असल्याने या भागातील होतकरू चालकास पंखाच्या खर्चाआधी प्रवासाच्या खर्चाचा विचार करावा लागतो.