दुर्वासांचा कोप आणि सख्यांचे मौन

दिनांक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. मराठी संगीत नाटकाच्या इतिहासात त्या दिवसाचे महत्त्व सर्वमान्य आहे. आम्हांस मात्र त्या प्रयोगातील एक लहानशी गोष्ट नेहमी आठवते. दुर्वासांचा शाप चौथ्या अंकात आहे आणि त्याचा परिहार पुढच्या अंकांत. म्हणजे त्या रात्रीचे प्रेक्षक शाप ऐकून घरी गेले. त्यातून सुटका काही त्यांस दिसली नाही. दुर्वासांच्या कोपाची रीतच अशी आहे. शब्द एका क्षणात सुटतो, आणि तो निस्तरण्याचे काम इतरांकडे दीर्घकाळ राहते. हे निस्तरणारे लोक काय करतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

महाभारतातील शकुंतलोपाख्यानात दुर्वास नाहीत व अंगठीही नाही. तेथे राजास सर्व आठवते, पण लोकापवादाच्या भयाने तो ओळख नाकारतो. शाप ही कालिदासाची योजना आहे. तिने दुष्यंत दोषमुक्त होतो, हे टीकाकारांनी पुष्कळदा सांगितले आहे. परंतु याच शापामुळे कथेत कोपिष्ट माणसास सांभाळणारी माणसे आली, याकडे फारसे लक्ष जात नाही.

दुर्वासांचा राग निव्वळ लहरीचा नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सोमतीर्थास जाताना कण्वांनी अतिथिसत्काराचा भार शकुंतलेवर सोपविला होता. दारी आलेल्या अतिथीकडे तिचे लक्ष गेले नाही, एवढे खरे. नियम मोडला होता. दुर्वासांस नियम दिसला, नियम मोडणारीचे व्याकूळ मन दिसले नाही. कालिदासाने त्यांस रंगभूमीवरही आणले नाही. पडद्याआडून केवळ त्यांचा आवाज ऐकू येतो. ज्या घरात असा माणूस असतो तेथील मंडळींस याचे मर्म सांगावे लागणार नाही. माणूस दिसण्यापूर्वी त्याचा आवाज येतो आणि हातातील काम सुटते. अनसूयेच्या हातून फुलांची परडी पडते, ती याच गडबडीत.

प्रियंवदा मुनींच्या मागे धावते. ती नियमाविषयी वाद घालीत नाही. शकुंतला निर्दोष आहे, असेही म्हणत नाही. मुलीस आपल्या तपाचा प्रभाव ठाऊक नाही, हा तिचा पहिलाच अपराध आहे, तेवढा पोटात घालावा, एवढेच ती विनविते. दिलेला शब्द मुनी मागे घेत नाहीत; ओळखीचा दागिना दिसताच शाप सरेल, इतकी वाट मात्र मोकळी ठेवितात. रागीट माणसाचा शब्द न मोडता त्यातून वाट काढण्याची ही युक्ती आमच्या घरोघरी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

येथवर सख्यांची स्तुतीच करावी लागेल. परंतु पुढे दोघी ठरवितात की, हे वृत्त शकुंतलेस कळवावयाचे नाही. तिचे मन कोमल आहे. निरोपाच्या वेळी, राजाने ओळखले नाही तर अंगठी दाखव, एवढेच त्या सांगतात. ती घाबरताच तिची समजूत घालतात. अंगठीवर आपले सारे आयुष्य अवलंबून आहे, हे जिला ठाऊक असते तिने ती प्राणापलीकडे जपली नसती काय? अंगठी शचीतीर्थाच्या जलात पडते, राजसभेत बोट रिकामे निघते, आणि आपणांस शाप होता हे शकुंतलेस कळते ते सातव्या अंकात, मारीच ऋषींच्या मुखातून. शापाने जेवढे नुकसान केले, त्यात मायेने पाळलेल्या मौनाचाही वाटा आहे.

कुंतीची कथा हेच सांगते. कुंतिभोजाच्या घरी आलेल्या कोपिष्ट ब्राह्मणाची तिने वर्षभर सेवा केली. वनपर्वात त्याचे नाव नाही. आदिपर्वात तो दुर्वास म्हटला आहे. सकाळी येतो म्हणून रात्री यावे, अवेळी अन्न मागावे, आणि तिने ते तयार ठेवावे. प्रसन्न होऊन त्याने वर देऊ केला तेव्हा तिने नको म्हटले. पण मंत्र पुढे केला तेव्हा दुसऱ्यांदा नाही म्हणण्याचे धैर्य तिला शापाच्या भयाने झाले नाही. त्या मंत्रातून कर्ण जन्मला, आणि कर्णाचे रहस्य पांडवांस युद्ध संपल्यावर कळले.

याउलट भागवताच्या नवव्या स्कंधातील अंबरीष पाहावा. दुर्वास स्नानाहून वेळेवर येईनात, द्वादशी सरत आली. अतिथीआधी जेवणे हा अधर्म, पारणे चुकविणे हाही अधर्म. राजाने ब्राह्मणांस विचारले आणि केवळ पाणी प्राशन केले. मुनींनी कृत्या उत्पन्न केली तरी तो जागचा हलला नाही. अखेर सुदर्शन पाठीशी लागले तेव्हा मुनीच त्याला शरण आले, आणि राजाने त्यांच्यासाठी प्रार्थना केली. ते परत येईपर्यंत वर्षभर तो अन्नावाचून थांबला होता. त्याने मुनींचा मान पूर्ण राखला. मात्र आपण काय केले हे लपविले नाही.

दैवी चक्र प्रत्येक घरास लाभत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि रागावलेल्या वडीलधाऱ्यापुढे नम्र होणे वेगळे, आणि त्याच्या भयाने घरातल्यांपासूनच गोष्टी लपविणे वेगळे. दुर्वासांची समजूत काढणारी प्रियंवदा घरात अवश्य असावी. परंतु परत आल्यावर तिने शकुंतलेस सर्व सांगावे.