दक्षिणा, शिष्यवृत्ती आणि अधिछात्रवृत्ती

'शिष्यवृत्ती' या शब्दाच्या उत्तरपदाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वृत्ती म्हणजे उपजीविका. मराठेशाहीच्या कागदपत्रांत तर वृत्ती म्हणजे वंशपरंपरेचा हक्क, वतन. विद्येचे वतन ज्यांच्या घराण्यात कधीच नव्हते, त्यांना वृत्ती देऊन अध्यापकाच्या आसनापर्यंत कसे न्यावे, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

पेशवाईत विद्वान ब्राह्मणांस वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमदानीत रूपांतर पावली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्यातून दक्षिणा फेलोशिप निघाली. न्या. रानडे व डॉ. भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. फेलोने स्वतः अध्ययन करावे आणि महाविद्यालयात शिकवावेही, अशी ती योजना. वृत्ती व अध्यापन यांची सांगड तीत उत्तम पडली होती. मात्र तिचा लाभ बहुधा त्यांनाच झाला, ज्यांच्या घरी विद्या आधीच नांदत होती.

याच्या उलट उदाहरण बडोद्याचे. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांस कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. मोबदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची होती. करारानुसार ते १९१७ साली बडोद्यास रुजू झाले, तो जातीमुळे त्यांना शहरात राहावयास जागा मिळेना. न्यूयॉर्कचा खर्च वृत्तीने भागविला. बडोद्यात बिऱ्हाड मिळवून देणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्या वेतनातील शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका मित्राचे कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले व १९२३ साली डी. एस्‌सी. झाले. येथे संशोधनाला पोसले ते प्राध्यापकीने, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

डॉ. आंबेडकरांनी स्वतः काम आरंभिले ते मात्र शिडीच्या तळापासून. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी वसतिगृह उघडले ते आमच्या सोलापुरात, आणि तेही हायस्कुलातील मुलांसाठी. राहण्याजेवण्याची सोय नसेल तर पदवीची गोष्ट बोलण्यात अर्थ नाही, हे त्यांनी बडोद्यात अनुभवले होते. १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पदव्युत्तर संशोधनाची पायरी येण्यास आणखी साठ वर्षे लागली.

सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले. पाठोपाठ २००५-०६ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाची राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांस मिळू लागली. तिच्या आधाराने पीएच. डी. झालेल्यांत घराण्यातील पहिलेच पदवीधर पुष्कळ असतात. परंतु ही वृत्ती प्रबंधाशी बांधलेली आहे, अध्यापनाच्या जागेशी नव्हे. मुदत सरताच ती थांबते आणि त्यानंतर पुष्कळांच्या वाट्यास येते ती तासिका तत्त्वावरील नेमणूक. तिचे मानधन घेतलेल्या तासांवर मोजले जाते, आणि उन्हाळ्याच्या सुटीत तास नसतात.